साथीच्या शरदातील घर आणि शाळा

(रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीतील प्राथमिक शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विस्तार अधिकारी यांच्यासमोर एका सेवानिवृत्त केंद्रप्रमुखांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



कोविडच्या साथीतील शिक्षणासंबंधी बोलताना मी शरद ऋतूच का निवडला, असे आपणांपैकी काहींना वाटेल. आपल्या पूर्वजांनी माणसाच्या आयुष्याची मोजदाद शरदांनी केली. त्याचे कारण मला फार साधे वाटते. पावसाळ्याच्या रोगराईतून जो तरला, तोच शरदाचे चांदणे पाहतो. आपल्या भागातील मोठ्या साथींचा इतिहास चाळला तरी हाच ऋतू पुन्हा पुन्हा आडवा येतो. मुंबईत प्लेगचे निदान झाले ते सप्टेंबर १८९६ मध्ये. इन्फ्लुएंझाची दुसरी आणि अधिक प्राणघातक लाट मुंबई इलाख्यावर आली ती १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आणि कोविडच्या पहिल्या लाटेने देशात उच्चांक गाठला तोही सप्टेंबर २०२० च्या मध्यास. भात निसवण्याचे, घरोघरी पितरांची पाने मांडण्याचे ते दिवस होते.

प्लेगच्या काळी लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत, हे आपण आजीआजोबांच्या तोंडून ऐकलेले आहे. त्या काळी शाळा बंद पडली तर ती बंदच पडे. मुलांचे शिकणे थांबले याची खंत करणाराही विरळा, कारण मुळात शाळेत जाणारी मुलेच थोडी. २०२० सालचा प्रसंग मात्र निराळा होता. शाळेचे दार लावायचे, पण शिक्षण चालू ठेवायचे, असा निर्णय करून एका अफाट समाजाने तो पार पाडण्याची खटपट केली. ही खटपट घरात नेमकी कशी उतरली, हे समजून घेतल्याखेरीज तिचे यशापयश मोजता येणार नाही, असे माझे मत आहे. म्हणून आज मी योजनांविषयी थोडे आणि एका घराविषयी अधिक बोलणार आहे.

हे घर रेवदंडा ते मुरूड या पट्ट्यातील एका गावात आहे. गावाचे नाव सांगत नाही. सांगितले तर घर ओळखू येईल. मी त्या वेळी सेवानिवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती, आणि माझ्या अंगणाच्या गडग्यापलीकडेच हे कुटुंब राहते. आजी, तिचा मुलगा, सून, सातवीतली नात आणि जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेला नातू, अशी पाच माणसे. वीस गुंठे भातशेती, भावाबरोबर सामाईक अशी पोफळीची छोटी वाडी, आणि पर्यटकांची ने-आण करणारी एक मिनीडोर रिक्षा, एवढ्यावर प्रपंच चालत होता.

टाळेबंदीने रिक्षा अंगणात उभी राहिली. त्यापाठोपाठ ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या त्या वाऱ्याने मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांत काय केले, ते आपणांस मी सांगण्याची गरज नाही. या कुटुंबाच्या वाडीतील निम्म्याहून अधिक पोफळी आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. म्हणजे त्या वर्षी लावलेल्या रोपांना सुपारी लागेपर्यंत पहिलीतला मुलगा प्राथमिक शाळा संपवीत आणणार होता. शाळेचेही पत्रे उडाले, कपाटातील पुस्तके भिजली. कित्येक आठवडे वीज नव्हती. शहरातील मंडळी दूरस्थ शिक्षणाची भाषा करू लागली, तेव्हा आमच्या गावात मोबाईल चार्ज करण्यासाठी जनित्र असलेल्या घरापुढे रांग लागत असे.

दोन प्रकारची वेळापत्रके

शासनाच्या बाजूने प्रयत्न झाले नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या अभ्यासमालेद्वारे एप्रिल २०२० पासून रोजचा अभ्यास मोबाईलवर येऊ लागला. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. इंटरनेट नसलेल्या घरांतही ती पोहोचली, आणि घरातल्या व परिसरातल्याच वस्तू घेऊन मुलांकडून कृती करवून घेण्याची तिची पद्धत मला मनापासून आवडली. पाठ्यपुस्तके शिक्षकांनी दारोदार नेऊन दिली. अभ्यासक्रम पंचवीस टक्क्यांनी कमी करण्यात आला. पोषण आहाराचे तांदूळ व कडधान्य शिधा म्हणून पालकांना मिळत राहिले. या शेवटच्या गोष्टीचा एक लाभ फारसा कोणी नोंदविलेला नाही. शिधा नेण्यासाठी आई शाळेत येई आणि तेवढ्या वेळात बाईंशी मुलाविषयी चार शब्द बोलून जाई. आमच्या शाळेतील बाई हुशार. त्या तांदळाच्या पिशवीबरोबर हाताने लिहिलेला अभ्यासाचा कागदही देत. ज्या घरी मोबाईल पोहोचला नाही, त्या घरी अक्षरे पोहोचली ती तांदळाबरोबर.

आता घराकडे वळू. त्या वर्षी अधिक आश्विन आला होता. पितृपंधरवडा १७ सप्टेंबरला संपला, आणि एरवी दुसऱ्या दिवशी बसणारे घट एक महिना पुढे जाऊन १७ ऑक्टोबरला बसले. नवरात्र आणि भातकापणी एकाच वेळी आली. रिक्षाला पर्यटक नव्हते, म्हणून वडील पहाटे ससून धक्क्याकडे न जाणारी मासळी स्थानिक होडीवाल्यांकडून घेऊन तीच रिक्षा डोंगराकडच्या गावांत फिरवू लागले. घरातला एकुलता एक मोबाईल सकाळी सातला त्यांच्याबरोबर जाई आणि संध्याकाळी परत येई. सकाळी दहाला आलेला पाठ या घरी रात्री आठला उघडे. आई कापणीसाठी सकाळीच शेतावर जाई. मजुरी परवडत नव्हती म्हणून शेजारच्या तीन घरांनी मिळून एकमेकांचे शेत आळीपाळीने कापावयाचे ठरविले होते. दुपारची भाकरी, भांडी, पाणी आणि धाकटा भाऊ ही सातवीतल्या मुलीची जबाबदारी. तिने दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक वेळापत्रक आखून भिंतीला लावले होते. त्यात ‘गणित’, ‘इंग्रजी’ यांच्या मधोमध ‘भात टाकणे’ आणि ‘बाळाचा अभ्यास’ हेही तास होते. मी ते वाचले तेव्हा माझ्या लक्षात आले, की तिच्या स्वतःच्या वाट्याला दिवसातून एक तास आला होता आणि तोही उजेड गेल्यावरचा.

शाळेचे वेळापत्रक घड्याळावर चालते. घराचे वेळापत्रक भरती-ओहोटीवर, भाताच्या पिकण्यावर आणि चुलीवर चालते. पहिले दुसऱ्यावर लादता येत नाही. आपण पुष्कळदा हे विसरलो आणि मुले ‘ऑनलाईन उपस्थित नाहीत’ असा शेरा मारला. ज्या घरी अभ्यास टिकला, त्या घराने स्वतःच्या दिनक्रमातील एखादी अढळ वेळ अभ्यासासाठी राखून ठेवली, एवढेच मला दिसले. साधनांच्या विपुलतेशी तिचा संबंध कमी होता.

या घरात ती वेळ आजीने राखली. आजीला लिहिता-वाचता येत नाही. ती अजूनही आपल्या जिल्ह्याला कुलाबाच म्हणते. पण लहानपणी दिवेलागणीला भाऊ परवचा म्हणत, तो ऐकून ऐकून तिला पाढे, पावकी, निमकी तोंडपाठ झाली होती. पाटी मात्र तिच्या हाती कधी आली नाही. त्या शरदात तिने जुना शिरस्ता पुन्हा सुरू केला. तुळशीपुढे दिवा लागला, की नातवाने हातपाय धुऊन ओटीवर बसायचे, शुभंकरोति म्हणायची आणि मग परवचा. शेजारची चार मुले गडग्यावरून उड्या मारून येऊ लागली. अंतर राखायचे म्हणून आजीने ओटीवर खडूने फुल्या काढून घेतल्या होत्या, आणि फुली सोडणाऱ्याला ती सुपारीच्या झावळीचा धाक घाली. दसऱ्यापर्यंत पहिलीतला तो मुलगा बाराचा पाढा न अडखळता म्हणू लागला.

पाढे राहिले, वाचन गेले

इथे मी आपले लक्ष एका गोष्टीकडे मुद्दाम वेधतो. दसऱ्याच्या दिवशी, २५ ऑक्टोबर २०२० रोजी, त्या घरी पाटीपूजन झाले. एरवी आपल्या शाळांतून हा केवढा सोहळा असतो! पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती, झेंडूची फुले, आणि पहिलीच्या मुलांचे टवटवीत चेहरे. त्या मुलाचे शाळेतले पहिले पाटीपूजन घरच्या पाटावर झाले. सरस्वती बहिणीने काढून दिली. पूजा झाल्यावर मी सहज त्याच्यापुढे पहिलीचे पुस्तक धरले आणि एक शब्द विचारला. त्याने चित्राकडे पाहिले आणि चित्राचे नाव सांगितले. चित्रावर हात ठेवला, तेव्हा तो गप्प राहिला. त्याला अक्षर ओळखता येत नव्हते.

या मुलाला बुद्धी कमी नव्हती. भाताचे भारे मोजण्यात तो मोठ्यांना हरवी. चार शेरांची पायली, तर इतक्या शेरांच्या किती पायल्या, हे तो आजीच्या आधी सांगे. म्हणजे हिशेब घरात होता, बाजारात होता, शेतात होता. शाळा बंद झाली तरी संख्या त्याच्या अवतीभोवती वावरत होत्या. छापील अक्षर मात्र त्या घरात दिनदर्शिका, वीजबिल आणि बिस्किटाच्या पुड्यापलीकडे नव्हते. पाढे ऐकून येतात. वाचन ऐकून येत नाही. त्यासाठी कोणीतरी शेजारी बसून अक्षरावर बोट ठेवावे लागते.

हा माझ्या अंगणातला अनुभव म्हणून मी सोडून दिला असता. परंतु ‘असर’ या देशव्यापी ग्रामीण पाहणीचा २०२२ चा अहवाल आला, तेव्हा त्यात तेच चित्र दिसले. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण देशात २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. वजाबाकी करू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २८.२ वरून २५.९ वर आले. घसरण दोन्हींकडे झाली, पण वाचनाची अधिक. शिवाय २०२२ साली तिसरीत असलेली मुले म्हणजे २०२० साली पहिलीत आलेली मुले, हे ध्यानी घ्यावे. याच अहवालानुसार सहा ते चौदा वयोगटातील पटनोंदणी मात्र ९८.४ टक्के, म्हणजे साथीपूर्वीपेक्षा जास्तच होती. मुले पटावर राहिली, अक्षरे हातून निसटली. २०२४ च्या पाहणीत तिसरीच्या वाचनाचे प्रमाण पुन्हा २७.१ टक्क्यांपर्यंत सावरलेले दिसते आणि ती समाधानाची बाब आहे. तथापि ती तिसरीतली मुले पुढची आहेत. मधली तुकडी वरच्या वर्गांत सरकली आहे.

जगभरात त्या वर्षी दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळा एकाच वेळी बंद होत्या. डेन्मार्कने एप्रिल २०२० च्या मध्यास शाळा उघडण्यास प्रारंभ केला, तो सर्वांत लहान मुलांपासून. आपल्याकडे क्रम उलटा राहिला. नववी ते बारावीचे वर्ग स्थानिक परिस्थिती पाहून २३ नोव्हेंबर २०२० पासून, पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून, आणि पहिली ते चौथीचे त्या शैक्षणिक वर्षात उघडलेच नाहीत. मंडळाच्या परीक्षा डोळ्यांसमोर होत्या, मोठी मुले मुखपट्टी सांभाळू शकतात, लहान मुले आजीआजोबांच्या कुशीत झोपतात. ही सारी कारणे मला मान्य आहेत. निर्णय घेणाऱ्यांच्या जागी बसून पाहिले, तर त्या वेळी तेच सुचले असते. पण ज्याला शाळेची गरज सर्वाधिक, तो सर्वांत शेवटी शाळेत आला, एवढे तरी आपण स्पष्ट शब्दांत म्हटले पाहिजे. आमच्या शेजारचा मुलगा पहिलीच्या वर्गात एक दिवसही बसला नाही. १ डिसेंबर २०२१ रोजी प्राथमिक वर्ग उघडले, तेव्हा तो दुसरीत होता. जानेवारीत शाळा पुन्हा काही काळ बंद झाल्या, त्या निराळ्याच.

वाडीतला वर्ग

दसऱ्याचा तो प्रकार मी शाळेतील बाईंच्या कानावर घातला. त्या वेळी बाईंची ओढाताण पाहवत नव्हती. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम १५ सप्टेंबरपासून २५ ऑक्टोबरपर्यंत चालली होती. आशा कार्यकर्तीबरोबर घरोघर जाऊन तापमान व प्राणवायूची पातळी नोंदविण्याच्या कामात त्याही होत्या. त्याआधी तपासणी नाक्यावर त्यांनी दिवस काढले होते. तरीही त्यांनी आठवड्यातून दोन दिवस गावात वर्ग घेण्याचे ठरविले. देवळे बंद होती, ती १६ नोव्हेंबरला पाडव्यास उघडली. त्यामुळे सभामंडप वापरता येईना. अखेर जागा सापडली ती वाडीत. वादळाने पाडलेल्या पोफळींची खोडे अजून उचललेली नव्हती. एकेका खोडावर दोन टोकांना दोन मुले, असा तो वर्ग भरू लागला. वरून मोकळे आकाश, कारण सावली देणारे शेंडे वादळाने नेले होते. ऑक्टोबरच्या उन्हामुळे वर्ग सकाळी साडेसातला भरे आणि साडेनवाला सुटे. मग मोठी मुले कापणीला जात. हे वेळापत्रक बाईंनी आयांना विचारून ठरविले होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

तेही सुरळीत चालले नाही. ऑक्टोबरच्या मध्यास परतीच्या पावसाने कोकणाला झोडपले होते. कापून ठेवलेले भात शेतात भिजले. त्या रात्री या घरातली पाचही माणसे भारे वाहून पडवीत आणत होती. पुढे आठ-दहा दिवस पडवीत, ओटीवर, माजघरात ओले भात पसरलेले होते. तो खोडांवरचा वर्ग दसऱ्यानंतर सुरू झाला, तेव्हाही निम्मी मुले उन्हात भात उलथीत बसलेली असत. बाई त्यांच्या खळ्यावर जाऊन उभ्याउभ्या दोन ओळी वाचून घेत.

कोजागरीला, ३० ऑक्टोबरला, नव्या तांदळाची खीर झाली. दिवाळीत मुलांनी अंगणात किल्ला बांधला. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांनी विलगीकरण कक्ष उभारला होता आणि मावळ्यांना एकेक हातावर ठेवले होते! पहिलीतल्या त्या मुलाने बहिणीकडून लिहून घेऊन ‘थांबा’ अशी पाटी दरवाजावर लावली. त्याने न विचारता वाचलेला तो पहिला शब्द. दिवाळीची सुट्टी किती दिवसांची असावी यावर त्या वर्षी वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. आमच्या बाईंनी वाडीतला वर्ग दिवाळीतही चालविला, आणि त्याबद्दल कोणाकडून पत्रही घेतले नाही.

आता मुलीविषयी सांगतो. मुलाची कथा लोक कौतुकाने ऐकतात. मुलीची कोणी विचारीत नाही. डिसेंबर सरला आणि वाडीत उरलेल्या पोफळींची सुपारी वाळून सोलणीला आली. आईला गावातल्या सुपारी सोलण्याच्या कामावर रोज मिळू लागला. २७ जानेवारी २०२१ रोजी पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले, तेव्हा सातवीच्या पटावरच्या या मुलीची जागा रिकामी होती. पालकांचे संमतिपत्र आले नव्हते. धाकटा भाऊ घरी, आजी घरी, आई कामावर. मुलीने शाळेत जावे तर घर कोणी सांभाळावे? वडिलांचे म्हणणे सरळ होते. ते म्हणाले, “वर्ष तर गेलंच आहे, गुरुजी. आता चार महिन्यांसाठी कशाला? पुढल्या जूनला बघू.”

‘पुढल्या जूनला बघू’ हे वाक्य मी माझ्या सेवेत पुष्कळ घरांत ऐकले आहे. सातवीतली मुलगी एकदा अशी घरी बसली, की पुढला जून बहुधा येत नाही. बाईंनी ग्रामपंचायतीच्या एका सदस्या भगिनींना बरोबर घेतले आणि दोघी संध्याकाळी त्या घरी गेल्या. मीही होतो. सदस्या ताईंनी शिक्षणाचे महत्त्व वगैरे काही सांगितले नाही. त्यांनी एवढेच विचारले, की मुलगी घरात दिवसभर काय काय करते. कामे एकेक करून मोजली गेली. मग त्या म्हणाल्या, “धाकट्याला सकाळी माझ्याकडे सोडा. माझी सून घरीच असते. दुपारी पोरगी येईल ती घेऊन जाईल.” आजी इतका वेळ गप्प होती. ती मुलाला म्हणाली, “माझं मी बघीन. जाऊ दे तिला.” संमतिपत्रावर सही झाली ती चुलीच्या उजेडात.

ती सही राहून गेली असती, तर पुढचे काहीच घडले नसते. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेमुळे पहिली ते आठवीची मुले परीक्षेविना वरच्या वर्गात गेली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग पुन्हा उघडले. मुलगी आठवीत, शाळा दुसऱ्या गावी. महिना होतो न होतो तोच एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो लांबत गेला. किनाऱ्यावरच्या किती मुलींची शाळा त्या हिवाळ्यात एसटीअभावी अडखळली, हे आपण जाणता. या घरची रिक्षा तोपर्यंत पुन्हा पर्यटकांसाठी धावू लागली होती. वडिलांनी सकाळची पहिली फेरी शाळेसाठी ठेवली. ज्यांनी ‘पुढल्या जूनला बघू’ म्हटले होते, तेच आता सहा मुलींना घेऊन जात. मुलगी २०२४ मध्ये दहावी उत्तीर्ण झाली.

मित्रहो, सर्वच घरांना आजी, बाई आणि शेजारीण अशा तिघी मिळाल्या नाहीत. आमच्या गावापासून दोन मैलांवर कातकरी वाडी आहे. तिथे दूरदर्शन संच नव्हता, मोबाईल होता तो एकाच्या हाती. दिवाळी सरताच ती कुटुंबे नेहमीप्रमाणे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर गेली. एरवी शाळा चालू असताना शिक्षक ‘शिक्षण हमी पत्रक’ देऊन मुलांचा माग ठेवतात. काही मुले नातेवाइकांकडे मागे राहतात. त्या वर्षी मागे राहण्यासाठी शाळाच नव्हती. जी मुले गेली, त्यांपैकी काही पुढील पावसाळ्यात परत आली ती कमावती होऊन. त्यांचे वय शाळेचे होते, हात मजुराचे झाले होते.

म्हणून येथे जमलेल्या शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांना माझी एक विनंती आहे, आणि तिला निधी लागत नाही. जून २०२० आणि जून २०२१ मध्ये आपल्या गावात पहिलीत नाव दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची यादी दाखल-खारीज रजिस्टरवरून करावी. ती मुले आज उच्च प्राथमिक वर्गांत आहेत किंवा कुठेच नाहीत. त्यांच्यापैकी प्रत्येकाला एक पान मोठ्याने वाचायला सांगावे. परीक्षा म्हणून नव्हे. घरी जाऊन, ओटीवर बसून. जो अडखळेल, त्याच्यासाठी दिवेलागणीची अर्धी घटका कोण देऊ शकेल, हे शाळा व्यवस्थापन समितीने त्याच गावात शोधावे. दहावी-बारावी झालेल्या मुली प्रत्येक गावात आहेत. आमच्या शेजारची मुलगी गेली दोन वर्षे असा तास घेते आहे. तिच्या तासाला तिचा भाऊही बसतो. तो आता धडाधड वाचतो, फक्त जोडाक्षरापाशी अजून क्षणभर थांबतो आणि मग बहिणीकडे न पाहता पुढे जातो.

शाळेच्या कपाटातील गोष्टींची पुस्तके या कामी घरोघर फिरू द्यावीत. पुस्तक फाटले तर मुख्याध्यापकांना जाब विचारू नये, अशी सूचना विस्तार अधिकारी महोदयांनी तोंडी न देता लेखी द्यावी, कारण कपाटाची किल्ली याच भीतीने कमरेला राहते.

वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची यादी वेगळी करावी लागेल. ती कोजागरीच्या आत व्हावी. बाकीची यादी दसऱ्यापूर्वी पुरी झाली तर बरे. पुढे भातकापणी लागते आणि दिवसा घरी कोणी भेटत नाही.